विंडोज जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर नेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझं डीटीपीचं काम आहे. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कऐवजी २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकायची आहे. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू. पण जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी सापडत नाही. आहे तसं सगळं नेता येईल का?

उत्तर: येईल, आणि तुम्ही तेच करा. फॉरमॅट दुकानदाराला सोपं पडतं. हरवलेली सीडी मात्र तुम्हालाच शोधत बसावी लागेल. डिस्क केवढी आहे यापेक्षा आत किती भरलंय ते बघा. २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण २२३ जीबी दिसते, आणि थोडी जागा मोकळी राहायला हवी. म्हणून भरलेला भाग १८० जीबीच्या आत आणा. जुनी कामं, फोटो बाहेरच्या डिस्कवर काढा. ती प्रत हाताशी आल्याशिवाय पुढे जाऊच नका. क्लोन करताना, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवताना, चुकून उलटी दिशा निवडली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते आणि वर्षांचं काम जातं.

आणखी एक चूक फार होते: लोक फक्त सी ड्राइव्ह उचलतात. संगणक सुरू करणारी फाइल बहुतेक नव्या यंत्रांत ईएफआय नावाच्या वेगळ्या, छोट्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या भागात) असते. ते राहिलं तर सी जसाच्या तसा येऊनही विंडोज उघडत नाही. त्यामुळे पूर्ण डिस्क निवडा. क्लोनझिला हे क्लोनिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे, चांगलंही आहे, पण नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी असेल असं ते धरून चालतं. तुमची लहान आहे. सॅमसंग, क्रुशियल अशा कंपन्या आपापल्या एसएसडीसाठी क्लोनिंग सॉफ्टवेअर देतात, ते आधी वापरून बघा.

प्रश्न: एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारच्या एसएसडीवर क्लोन केलं. सुरू करताना निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. जुनी डिस्क आतच जोडलेली आहे.

उत्तर: आधी संगणक बंद करून जुनी डिस्क काढा. दोन्ही डिस्कची ओळख एकच झाल्यामुळे गोंधळ होऊ शकतो. तरीही तेच आलं, तर विंडोजने एनव्हीएमईचा ड्रायव्हर (ती डिस्क चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) सुरुवातीलाच उचललेला नाही असं समजा. दोन-तीनदा सुरू होता होता फसलं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह, सुरू करा. पुष्कळदा एवढ्यानेच पुढच्या वेळी नीट उघडतं.

प्रश्न: हार्ड डिस्क टकटक वाजते. मरायच्या आत क्लोन करून घेऊ का?

उत्तर: नको! क्लोनिंग पूर्ण डिस्क वाचत जातं, आणि खराब जागी पुन्हा पुन्हा धडपडतं. ती धडपडच उरलेली डिस्क संपवू शकते. आत्ताच बंद करा. आवाज सतत येत असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल, तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आवाज नसून फक्त खराब सेक्टर (डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या जागा) असते, तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू सुचवलं असतं. ते चांगला भाग आधी काढून घेतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. विंडोज काय, पुन्हा टाकता येतं.

प्रश्न: डिस्क बदलली की विंडोजचं लायसन्स परत घ्यावं लागतं का?

उत्तर: नाही. डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते तपासा. नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडायचा लांब आकडा) कागदावर लिहून घ्या, बिटलॉकर बंद करा, डिस्कचं कुलूप पूर्ण उघडू (डिक्रिप्ट होऊ) द्या आणि मगच क्लोन करा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ११ वर जायचं असेल तर तेही जरूर करा, पण नव्या डिस्कवर आठवडाभर सगळं नीट चालल्यावर. तोवर जुनी डिस्क पुसू नका.