‘रांडरोटी’ शिवी नव्हे

शिवाजी पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय: घरातला मोडी कागद वाचून घेतला, तर खापरपणजीच्या नावची जमीन ‘रांडरोटी’ निघाली. सरकारी कागदात शिवी कशी?

शिवी नाही ती, ताई. रांड म्हणजे विधवा, रोटी म्हणजे तिची भाकरी. चाकरीत नवरा पडला की मागं राहिलेल्या बाईच्या पोटापाण्याला जमीन लावून देत, त्या इनामाचं हे रीतसर नाव. लिहिताना कारकुनाचा बोरू अडखळला नसणार. ‘रांडमुंड’, म्हणजे डोकं भादरलेली विधवा, हाही शब्द त्याच घरातला.

पण शिवीचा अर्थही नवा नाही. संस्कृत ‘रण्डा’त दोन्ही आहेत, मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशातही. नवरा गेला की बाई संशयात, हे शब्दानंच ठरवून टाकलेलं. ‘अरे विधुरा!’ असं भांडणात कुणी ओरडलेलं ऐकलंय?

खरी मेख पुरुषाला द्यायच्या शिव्यांत आहे. रांडेच्या, शिंदळीच्या... बोल सगळा आईला, त्याच्या वाट्याला नुसता षष्ठीचा प्रत्यय. भाडखाऊ म्हणजे बाईची भाड, तिच्या देहविक्रीची कमाई, खाणारा, तिथंही बाई आहेच. आपल्याकडं तालमीच्या कट्ट्यावर दोस्ताला लाडानं म्हणतात, “काय रांडच्या, हुतास कुठं दोन दिस?” म्हणणाऱ्याच्या मनात त्याची आई नसते. व्याकरणात मात्र ती बसलेलीच.

हे मराठीपुरतं नाही. इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकात चर्चच्या न्यायालयांत बदनामीचे दावे घेऊन बायका मोठ्या संख्येनं जात. कारण बहुतेक एकच, कुणीतरी ‘छिनाल’ म्हटलेलं. पुरुषाला ‘चोर’, ‘लबाड’ झोंबे, नाहीतर बायको दुसऱ्याकडं जाते असं सुचवणारा शब्द. म्हणजे आपल्या भाडखाऊचा चुलतभाऊच. चारित्र्यावर तोंडी शिंतोडे उडाले तर प्रत्यक्ष नुकसान न दाखवता दावा लावायची मुभा तिथल्या बायकांना 1891 च्या कायद्यानं दिली.

आपल्या 1860 च्या दंड संहितेत कलम 504 कुणाच्याही अपमानाला लागायचं आणि 509 खास बाईच्या. 1 जुलै 2024 पासून ती न्याय संहितेची 352 आणि 79 झाली. फिर्यादीत मात्र नेमका शब्द सहसा येतच नाही. ‘घाणेरड्या भाषेत शिवीगाळ केली’ म्हटलं की झालं! शब्दांच्या मागं लागणाऱ्या आमच्यासारख्यांची तिथं पंचाईत.

आणि ताई, तो कागद लॅमिनेट तेवढा करू नका. सुती कापडात गुंडाळून ठेवा.