वाचक विचारतात : सेरोटोनिन रक्तात मोजता येते का?

प्रश्न : माझी थोरली बहीण ४६ वर्षांची आहे. गेले तीन महिने तिची झोप पहाटे चारलाच मोडते, अन्नावरची वासना उडाली आहे आणि एरवी गौरींच्या सजावटीसाठी रात्र जागवणारी ती यंदा ‘तुमचं तुम्हीच बघा’ म्हणून आत जाऊन पडली. मानसोपचारतज्ज्ञांनी ‘मेंदूतील सेरोटोनिन कमी झाले आहे’ असे सांगून एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरील गोळी सुरू केली. दहा दिवस झाले, पण मळमळीखेरीज काहीच फरक नाही. आधी रक्तातील सेरोटोनिन तपासावे आणि मगच गोळ्या पुढे चालू ठेवाव्यात, असे मेहुण्यांचे म्हणणे आहे. तिच्या सासूबाईंना ही नुसती मनाची दुबळाई वाटते. काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन आहे. रक्तातील सेरोटोनिन मोजता येते, परंतु त्या आकड्यावरून मनःस्थितीविषयी काहीही कळत नाही. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते, रक्तात ते मुख्यतः प्लेटलेट्समध्ये साठलेले असते आणि रक्त व मेंदू यांच्यामधील पेशींचा पडदा ते ओलांडू शकत नाही. मेंदू स्वतःपुरते सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवतो. तेव्हा या तपासणीवर पैसे घालवू नयेत. मात्र टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासलेले नसेल तर अवश्य तपासून घ्यावे, कारण थायरॉइड मंदावल्यानेही हुबेहूब अशीच मरगळ येऊ शकते.

‘सेरोटोनिन कमी झाले’ ही कल्पना आली कोठून, हे पाहण्यासारखे आहे, कारण तिचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि त्या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे करण्यात आले. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण उदास होतात, अशा नोंदी पुढे येऊ लागल्या आणि १९५५ मध्ये हे औषध मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा करते, असे प्रयोगांत दिसले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड हे क्षयाचे औषध घेणाऱ्या रुग्णांना अनपेक्षित हुशारी येऊ लागली. ते औषध सेरोटोनिनसारख्या रसायनांचे विघटन करणारे एन्झाइम अडवते. एक औषध साठा घटवते आणि माणूस खचतो, दुसरे तो वाढवते आणि माणूस उभारी धरतो, म्हणजे नैराश्य ही त्या रसायनाचीच कमतरता, असा सरळ हिशेब मांडला गेला.

हिशेब सुबक होता, पण पुराव्याने त्याची पाठराखण केली नाही. रेसर्पिनने खरोखर किती जण उदास होत होते, यावर पुढे वाद झाला, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात नैराश्याच्या रुग्णांमध्ये सेरोटोनिन कमी असल्याचा सुसंगत पुरावा आढळला नाही. तुमच्या बहिणीची गोळीही हेच सांगते. चेतापेशीने बाहेर सोडलेले सेरोटोनिन परत आत ओढून घेण्याची क्रिया ही गोळी काही तासांतच अडवते. प्रश्न केवळ कमतरतेचा असता तर उभारी त्याच आठवड्यात दिसली असती. प्रत्यक्षात बाहेरचे सेरोटोनिन वाढल्याचे कळताच त्याच पेशी आपला वेग कमी करतात. हा आवर सैल पडायला आणि पेशींमधील जोडण्यांत बदल व्हायला काही आठवडे लागतात, असे आज मानले जाते. मळमळ मात्र लगेच होते, कारण आतड्यांतही सेरोटोनिनचे कार्य चालूच असते. बहुधा एक-दोन आठवड्यांत ती ओसरते. दहा दिवसांवरून निकाल लावणे घाईचे ठरेल. चार ते सहा आठवडे थांबावे लागते.

मग औषधाचा उपयोग खरा की केवळ समजूत? २०१८ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण होते, आणि अभ्यासलेली नैराश्यावरील २१ही औषधे, औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरली, फरक सरासरीने माफकच होता, हेही सांगितले पाहिजे. सेरोटोनिनची भाषा डॉक्टर वापरतात ती बहुधा रुग्णावरचा दोषाचा ठपका दूर व्हावा म्हणून, आणि त्यामागची सदिच्छा मला मान्य आहे. परंतु त्यामुळे मेहुण्यांसारखी माणसे प्रयोगशाळेत आकडा शोधत बसतात. सासूबाईंना इतकेच सांगावे की पहाटे मोडणारी झोप आणि गेलेली भूक इच्छाशक्तीने परत आणता येत नाही.

गोळी मनाने बंद करू नये. तिचे व्यसन लागत नाही, पण ती एकदम थांबवल्यास चक्कर येणे, चिडचिड होणे, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होतात. पूर्वी कधी बहिणीला झोपेविना दिवसच्या दिवस अफाट उत्साह, बेफाम खर्च असे काही झाले असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावे, कारण तेव्हा उपचारच वेगळे असतात. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांशी संपर्क साधावा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो.

प्रश्न : माझा मुलगा रविवारी ‘डोपामिन उपवास’ करतो. मोबाइल बंद ठेवल्याने डोपामिन पुन्हा भरते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डोपामिन हेही मेंदूतील निरोप पोहोचवणारे रसायन आहे. ते असे एका दिवसात रिते होऊन भरत नाही, आणि ते निव्वळ सुखाचे रसायनही नाही, त्याच्या अभावी पार्किन्सन (कंपवात) या आजारात हालचाली मंदावतात. स्वित्झर्लंडमध्ये मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की अचानक मिळालेल्या फळाच्या रसाने डोपामिनच्या पेशी चेततात. पण रसापूर्वी दरवेळी तीच खूण केली, तर त्या खुणेलाच चेततात आणि रस न मिळाल्यास थंडावतात. रविवारचा उपवास निरुपद्रवी आहे, चालू राहू द्यावा. त्यापेक्षा मोबाइलची टणटण आठवडाभर बंद ठेवायला सांगावे, कारण हात त्या खुणेमुळेच मोबाइलकडे जातो.