आधी आपली गल्ली, मग जगाचा नकाशा

लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवणारी कोड-लायब्ररी) शिकायला घेतलंस, उत्तम. पण ट्युटोरियलमधला लंडनचा नकाशा आजच पुसून टाक आणि वडोदरा लाव: अक्षांश 22.3, रेखांश 73.2. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, जिओजेसनला (नकाशावरची माहिती साठवायचा फाइल-प्रकार) आधी रेखांश. उलटापालट झाली की वडोदऱ्यातला दांडियाबाजार थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो! बिंदू दिसत नसेल तर कोडला शिव्या घालण्याआधी हे तपास.

विषय म्हणशील तर वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीचा पूर घे. हॉटेलं-मंदिरांचे नकाशे पोत्यानं पडलेत. ऑगस्ट 2024 मध्ये कुठल्या गल्लीत पाणी किती चढलं, हे मात्र तिथल्या काका-काकूंनाच ठाऊक. भिंतीवरची खूण दाखवायला सांग, जमिनीपासून टेपनं मोज, फोनवर जागा नोंदव. ‘कमरेएवढं’ असं लिहू नकोस, कुणाची कंबर? सेंटिमीटर लिही. सोबत तारीख आणि माहिती डोळ्यांनी पाहिलेली की ऐकीव, हेही. घरमालकाचं नाव नको. दाट वस्तीत जीपीएस काही मीटर सरकतो, म्हणून बिंदू हातानं जागेवर आण. आणि दोन खुणांच्या मधली जागा अंदाजानं निळी रंगवू नकोस. उताराची माहिती नसताना ती शुद्ध थाप ठरते.

रस्ते-इमारतींसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा वापर, कोपऱ्यात त्यांचं श्रेय ठेव. गल्ली तिथे नसेल तर स्वतः काढ, पण गूगल मॅप्सवरून उतरवून नाही, ते चालत नाही. रंग, आयकॉन वगैरे शेवटी.

पहिल्या वीस खुणा झाल्या की फाइल पाठव, बघतो.