पगार किती ते नंतर, पायरी कोणती ते आधी

सर, तुम्ही विचारलंय की परभणीकडं ४० टक्के अनुदानाच्या शाळेवर नऊ वर्षं गणित शिकवायलोय, इंग्लंडला आलो तर पगार किती पडल. सांगतो, पण तो ठरतो कसा ते आधी बघा, नाहीतर माझ्यासारखं व्हायचं.

आपल्याकडं कसंय, शाळेला सरकारी अनुदान किती टक्के त्यावर मास्तरचा पगार. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधन, ते २०२३ ला वाढवून माध्यमिकला १८ हजार केलं, मग सातव्या आयोगानं मूळ ३८,६०० पासून. पण हे पूर्ण अनुदानावरच्याला. तुमचा बीएडचा जोडीदार तिथं आणि तुम्ही ४० टक्क्यावर, गणित तेच, खडू तोच.

इकडं इंग्लंडात सरकारी पैशावरच्या शाळांना पगाराचा छापील तक्ता आहे, सहा पायऱ्यांचा. सप्टेंबर २०२५ पासून लंडन आणि त्याच्या लगतचा भाग सोडून पहिली पायरी वर्षाला ३२,९१६ पौंड, सहावी ४५,३५२. ऐन लंडनात पहिलीच ४०,३१७, पण घरभाडं बघितलं की ते विसरा. अकॅडमी शाळांना, म्हणजे पैसा सरकारचा पण कारभार स्वतःचा अशांना, स्वतःचा तक्ता करायची मुभा आहे, तरी बऱ्याच जणी हाच धरतात. आणि हे सगळं कापायच्या आधीचं बरं का, टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन जातंय त्यातून, लगेच रुपयानं गुणू नका.

आता माझी गंमत. मुलाखतीला सकाळीच बोलावलं, नववीच्या लेकरांना समीकरणं शिकवायला लावली, मागं दोघं वही घेऊन बसलेले, मग प्रश्नोत्तरं, आणि शेवटी हेडबाई म्हणल्या नोकरी दिली तर घेणार ना, मी म्हणलो हो हो. चार वाजता फोन आला, परत हो. कागद हातात पडला तर पहिली पायरी! तिकडं शिकवलेली माझी अकरा वर्षं गेली पाण्यात. युनियनवाल्यानं सांगितलं, जुना अनुभव धरायचाच असा नियम नाही, शाळेची मर्जी, आणि तोंडी हो म्हणल्यावर काय भांडणार. म्हणून हो म्हणायच्या आधी विचारा, मला कितव्या पायरीवर घेणार. लाजू नका, इथं त्यात वावगं काही नाही.

गणितवाल्यांना २०२३ पासून भारतातनं क्यूटीएससाठी, म्हणजे इकडच्या शिक्षक-पात्रतेच्या दाखल्यासाठी, थेट अर्ज करता येतो, ११ ते १६ वयाच्या पोरांना शिकवायची पात्रता लागते, अर्जाला फी नाही. पण अनुभव कागदावर पाहिजे. तुमची बिनपगारी वर्षं असतील तर पगारपत्रक कुठनं आणणार, तेव्हा मुख्याध्यापकाकडनं लेटरहेडवर तारखांसकट पत्र घ्या, शिक्षणाधिकाऱ्यानं दिलेल्या वैयक्तिक मान्यतेची प्रत काढून ठेवा. संस्थाचालकाला कळायच्या आत घ्या म्हणजे झालं.

तुम्ही अजून एक विचारलंय, पोरांच्या मार्कावर पगार द्यावा का. इकडं कामगिरी बघून पगारवाढ द्यायची सक्ती होती, ती २०२४ ला काढली. मला तर ते कधीच पटलं नाही. बीडकडं दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापासंगं ऊसतोडीला जातंय, त्या मास्तरचा पगार काय कारखाना ठरवणार का? पायरी ठरलेली असावी, अनुभव मोजलेला असावा, आणि आडगावच्या शाळेवर टिकणाऱ्याला वरून चार पैसे जास्त, एवढं माझं मत.

मुलाखत लागली की शाळेच्या वेबसाइटवर पे पॉलिसी, म्हणजे पगाराचं धोरण, बघा, लिंक पाठवा, दोघं मिळून वाचू.