बाई हिशोब विचारते तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघ

बाळा,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. झेडपीच्या निवडणुकीत त्या दादांचं सोशल मीडिया तू सांभाळणार, चार पैसे मिळणार, माणूस कामाचा आहे, रस्ता केला, पाण्याची टाकी आणली, फक्त लोक त्यांच्या घरातल्या गोष्टी काढतात, आणि तू विचारतोयस की मावशी, पर्सनल लाइफचा आणि राजकारणाचा काय संबंध. तू विचारलंस हेच मला बरं वाटलं. तुझ्या वयाची बरीच पोरं विचारतच नाहीत, ज्यानं पेट्रोल टाकलं त्याच्या रॅलीत गाडी घालतात. म्हणून फोनवर न बोलता लिहितेय, लांबेल जरा, निवांत वाच.

मी तीस वर्षं ग्रामसेविका होते, तुला माहितीये. सरपंच, सभापती, झेडपी मेंबर, सगळे टेबलाच्या पलीकडून बघितलेत, त्यांच्या सह्या, त्यांची बिलं, त्यांचे चढलेले आवाज. त्यावरून माझं एक पक्कं मत झालंय. पुढारी बायकांशी गोड बोलतो का ते बघायचंच नाही, ताई-माई-अक्का सगळेच म्हणतात. बाई त्याला नाही म्हणते किंवा हिशोब विचारते ना, त्या एका मिनिटाला त्याच्या तोंडाकडं बघायचं.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या (महाराष्ट्रात पुढं २०११ ला त्या निम्म्या झाल्या). तेव्हा माझी नोकरी नवीन होती. माझ्या गावात सरपंचपद महिलेसाठी निघालं. बाई चौथी शिकलेल्या पण हिशोबाला पक्क्या, डेअरीच्या पावत्या घरात त्याच तपासायच्या. मासिक सभेला खुर्चीत त्यांचा नवरा आणि या दाराजवळ भिंतीला टेकून खाली. मी प्रोसिडिंग बुक मुद्दाम नवऱ्यापुढं न ठेवता त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं, म्हटलं सही इथं. त्यांनी सही नाही केली, ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या, एकेक अक्षर जुळवत. मुरुमाच्या बिलापाशी बोट थांबलं. म्हणाल्या, एवढ्या ट्रिपा पडल्या कुठं, आपल्या गल्लीत तर गुडघाभर चिखल आहे. खोलीत सात माणसं होती. नवऱ्यानं ना आवाज चढवला ना हात उगारला. वाकून त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं, स्वतःच्या खिशाला अडकवलं आणि म्हणाला, "जा, चहा पाठव." त्या उठल्या, गेल्या, दहा मिनिटांनी चहा आला. सगळ्यांनी प्याला. मी पण प्याले, आणि ते मला आजही टोचतं.

तो माणूस पुढं पंचायत समितीला उभा राहिला तेव्हा लोक अगदी हेच म्हणत होते, कामाचा माणूस आहे, घरचं घरी. निवडून आला. आता ऐक, पाच वर्षांत काय झालं. गावात नवऱ्यानं टाकलेल्या तीन-चार बाया होत्या, माहेरी भावाच्या पडवीत राहायच्या. त्यांना वेगळं रेशनकार्ड पाहिजे होतं, कारण नाव सासरच्या कार्डावर आणि धान्य नवरा उचलायचा. त्यासाठी कुणीतरी तहसीलला शब्द टाकायला लागतो, दाखला, पंचनामा, खेपा. या मेंबरकडं बाई गेली की एकच उत्तर, "नवऱ्याकडं परत जा, मी त्याला समजावतो." तो काय कुणाचा वैरी नव्हता, त्याला खरंच वाटायचं की बाईनं वेगळं कार्ड मागणं म्हणजे घर मोडणं. पहिली बाई तशी परत आली, मग दुसरी गेलीच नाही. घरात पेन काढून घेणारा माणूस ऑफिसात बसून अर्जावर सही करेल असं समजणं ही आपली चूक होती. तू म्हणतोस पर्सनल लाइफ. अरे, त्या बायांचं धान्य त्या पर्सनल लाइफमध्येच अडकलं होतं.

आता तुमच्या दादांच्या त्या पैठणीच्या कार्यक्रमाबद्दल. तू रील टाकलेलीस, लाइक केलं मी, पण मी स्वतः तिथं होते हे तुला माहीत नसावं. मैदानात मंडप, डीजे, संगीत खुर्ची, बायका मनापासून खेळत होत्या आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, वर्षातून एक संध्याकाळ कुणी बायकांसाठी मंडप घालतो तर घालू दे. शेवटी दोघी राहिल्या आणि जी जिंकली ती विधवा होती, मागच्या वर्षीच तिचा नवरा अपघातात गेलाय. निवेदक पैठणी हातात घेऊन थबकला, कारण पैठणी द्यायची म्हणजे आधी हळदीकुंकू लावायचं ठरलेलं. त्यानं दादांकडं बघितलं. दादांनी मान सुद्धा वर केली नाही, फोनमध्ये बघत दोन बोटं हलवली, पुढं चल. निवेदक म्हणाला, टाय झालाय, अजून एक राउंड घेऊ. टाय झालाच नव्हता रे, आख्ख्या मैदानानं बघितलं होतं. ती पोरगी पदर सारखा करून मागच्या रांगेत जाऊन बसली. तुझ्या रीलमध्ये तो तुकडा नाहीये.

वाईट माणूस म्हणून त्यांनी हे केलं असं मी म्हणत नाही. त्यांना त्या क्षणी ती दिसलीच नाही, कार्यक्रमाचा खोळंबा तेवढा दिसला. पण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. एका साध्या ग्रामपंचायतीला हे जमलं, मग सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे पुढाऱ्याला मनात आलं तर एक पैसा खर्च न करता काय करता येतं बघ. दादांना नुसतं उठून त्या पोरीच्या हातात पैठणी द्यायची होती.

बॅनरवर महाराजांचा फोटो लावता ना तुम्ही, मग रांझ्याच्या पाटलाची गोष्ट पण लक्षात ठेव. बाबाजी गुजर, गावचा मुकादम, आजच्या भाषेत वजनदार माणूस. बाईशी बदअमल (म्हणजे वाईट कृत्य) केला म्हणून त्याचे हातपाय तोडले, १६४६ चं पत्र आहे. ती शिक्षा आजच्या कायद्यात बसत नाही, बसायलाही नको, पण त्याची पाटीलकी गेली हे बघ. बाईशी वाईट वागलास तर पद ठेवणार नाही, असा तो निकाल होता. आपण मात्र आता म्हणतो ते पर्सनल आहे आणि तिकीट देतो.

तू विचारशील, मग बघायचं कसं, कुणाच्या घरात डोकावायचं का. नाही, आणि हे जरा नीट ऐक. गावातल्या कुजबुजीवर जाऊ नको. बायको माहेरी असते, त्यांचं पटत नाही, घटस्फोट झालाय, यावरून माणूस वाईट ठरत नाही, समजुतीनं वेगळे झालेले कितीतरी भले लोक मी बघितलेत. शिवाय अशा कुजबुजीत शेवटी चिखल बाईवरच उडतो. विरोधकांनी दादांच्या बायकोचे फोटो पाठवले तर फॉरवर्ड करू नको, आणि तुमच्याकडच्यांनी समोरच्या उमेदवाराच्या बायकोबद्दल काही बनवायला सांगितलं तर तिथंच काम सोड, माझी शपथ आहे.

उघड्यावर बघण्यासारखं भरपूर आहे. उमेदवारी अर्जाबरोबर शपथपत्र असतं, त्यात गुन्हे, मालमत्ता, बायकोच्या नावावर काय आहे, सगळं लिहायला लागतं, आमदार-खासदारांना तर सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळं वीसेक वर्षांपासून हे चुकवताच येत नाही. ते शपथपत्र उघडून वाच. जुन्या केसेसमध्ये ३५४ (विनयभंग), ४९८ अ (सासरचा छळ), ३७६ (बलात्कार) अशी कलमं दिसतील, १ जुलै २०२४ नंतरच्या असतील तर त्याच क्रमानं भारतीय न्याय संहितेची ७४, ८५, ६४. केस आहे म्हणजे गुन्हा केलाच असं नाही, राजकारणात खोट्या पण होतात, पण त्यांना सरळ विचार की दादा ही काय केस आहे. उत्तरात त्यांनी केसबद्दल सांगितलं की त्या बाईच्या चारित्र्याबद्दल, एवढं लक्षात ठेव.

मालमत्तेचं पण बघ. १९९० च्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. आज कुठल्याही उमेदवाराच्या शपथपत्रात बायकोच्या नावावर प्लॉट असतात, पण त्यातले किती तिला माहीत असतात? मी नोकरीत असताना नमुना आठच्या उताऱ्यावर, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीवर, नवरा-बायको दोघांची नावं लावायला सांगायचे, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ पुढाऱ्यांच्याच घरात लागायचा. मजुरी करणारा माणूस म्हणायचा, लावा मॅडम.

आणि दोन अपत्यांचा नियम. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर आपल्याकडं ग्रामपंचायत, झेडपी लढवता येत नाही. नियम चांगला की वाईट हे सोड, मला स्वतःला तो बाईवरच उलटतो असं वाटतं, पण त्यापायी माणसं काय करतात ते मी बघितलंय. तिसरी मुलगी झाली तर भावाच्या नावावर दाखवली, आणि आईनं चार लोकांत तिला पुतणी म्हणायचं. पोरगी आईला काकी म्हणत मोठी झाली, कशासाठी, तर एका खुर्चीसाठी. दत्तक दिलं तरी अपात्रता टळत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१८ ला ओडिशाच्या एका केसमध्ये सांगितलंय, पण त्या पोरीला त्याचं काय.

बाई विरोधात उभी राहिली की माणूस जास्त उघडा पडतो. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना पदावरून काढलं होतं, आरोप काय, तर सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात. त्या म्हणत होत्या मी वेगळी राहते. लढत लढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पद परत मिळवलं. कोर्टानं साफ म्हटलं की बाई सरपंच झाली, तिचं ऐकायला लागणार, हे गावातल्या लोकांना सोसलं नाही, असं हे प्रकरण दिसतंय. म्हणून तुमच्या ग्रुपवर समोरच्या उमेदवार ताईंबद्दल काय पडतं ते बघ. त्यांच्या कामावर टीका असेल तर खुशाल करा. पण त्यांच्या साडीवर, वयावर, रात्री कितीला घरी येतात यावर मेसेज पडतात आणि दादा त्याला अंगठा देतात का? अंगठा नाही दिला तरी गप्प बसतात का?

लाडक्या बहिणीच्या पैशांबद्दल मी काही वाकडं बोलणार नाही, दीडहजार रुपयात बाईचं औषधपाणी होतं, हातात स्वतःचे पैसे येतात, मी त्या बायकांचे चेहरे बघितलेत. पण दादा भाषणात म्हणतात "आम्ही तुम्हाला दिले", ते मला खटकतं. ते सरकारचे, म्हणजे तिच्याच घरातून टॅक्स होऊन गेलेले. देणारा भाऊ झाला की बहिणीनं हिशोब कसा विचारायचा?

बाई उमेदवार असली तरी हीच नजर ठेव हां. सुनेला उंबऱ्याबाहेर येऊ न देणारी सभापती मी पाहिलीय, तिच्याकडं सुनांच्या तक्रारी जायच्याच नाहीत.

आता तुझं काम. पैशांची गरज आहे तुला, मला माहितीये, म्हणून नाही म्हण असं मी सांगत नाही, ते तू ठरव. मंगळवारी तुमच्या वस्तीवर दादांची कॉर्नर सभा आहे ना? बचत गटाच्या बायका त्या टाकीबद्दल विचारणार आहेत. टाकी बांधून दीड वर्ष झालं, मोटार बसली नाही, अजून हंडे घेऊन त्या विहिरीवरच जातात. पुढं उभी राहून विचारणारी तीच पोरगी आहे, पैठणीवाली. तू शूटिंग दुसऱ्या कुणाला तरी दे, मोबाइल खिशात ठेव आणि नुसता उभा राहा, तिच्या बाजूला, जिथून दादांचा चेहरा समोर दिसेल. ते तिचं नाव विचारतात का, बोलणं पुरं करू देतात का, की तिला सोडून तिच्या दिराकडं बघून उत्तर देतात, ते बघ. आणि रात्री मला फोन कर. अकरापर्यंत मी जागीच असते.

तुझी
मावशी