टचडाउनला 6 गुण, मग धावफलकावर कधी 7, कधी 8 कसे?

तुम्ही 2017चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना (अटलांटा विरुद्ध न्यू इंग्लंड), यूट्यूबवर पाहिलात आणि विचारलंत की अटलांटाला दर टचडाउनला 7 गुण मिळाले, पण न्यू इंग्लंडला आधी 6, मग 8, पुन्हा 8 आणि शेवटी 6, असं का. सामना अगदी नेमका निवडलात, सगळा नियम त्या एकाच सामन्यात सापडतो.

टचडाउन म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एन्डझोनमध्ये, चेंडू घेऊन पोचणं किंवा तिथे तो झेलणं. त्याचे गुण 6च. त्यानंतर त्याच संघाला एक जादा संधी मिळते, आणि ती कशी वापरायची ते संघ ठरवतो. एक तर चेंडू किक मारून खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून घालवायचा: 1 गुण. नाहीतर 2 यार्डांच्या रेषेवरून पुन्हा एन्डझोनमध्ये घुसायचं, पळत किंवा पास देऊन: 2 गुण. फसलं तर शून्य. 2 यार्ड म्हणजे जेमतेम सहा फूट, पण समोर 11 धिप्पाड गडी वाट अडवून उभे असतात. साधारण निम्म्या वेळाच जमतं, म्हणून बहुतेक प्रशिक्षक गुपचूप 1 गुण घेतात. अटलांटाने चारही वेळा तेच केलं, चार सत्ते 28.

पूर्वी ही किक इतकी सोपी होती की लोक तेवढ्यात फ्रिजपर्यंत जाऊन येत. एनएफएलने (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) 2015मध्ये किकसाठी चेंडू 15 यार्डांच्या रेषेवर नेला. खांब एन्डझोनच्या मागच्या टोकाला, म्हणून आणखी 10 यार्ड, आणि किकर रेषेच्या सात-आठ यार्ड मागे, म्हणजे किक झाली 33 यार्डांची. तेव्हापासून चुका वाढल्या. त्याच वर्षापासून बचाव करणाऱ्या संघाने चेंडू हिसकावून थेट दुसऱ्या टोकाला नेला तर त्यालाच 2 गुण मिळू लागले. (कॉलेज फुटबॉलमध्ये 2 गुणांचा पर्याय 1958पासून आहे, पण तिथे चेंडू 3 यार्डांवर ठेवतात. एनएफएलने तो घ्यायला 1994 उजाडलं.)

आता तुमचा सामना. न्यू इंग्लंड 3-28ने मागे. टचडाउन केला, 9. किकर गॉस्टकोव्स्कीची किक खांबाला लागून बाहेर गेली, हा तुमचा पहिला 6. मग फील्ड गोलचे (टचडाउनशिवाय, खेळ चालू असताना खांबांमधून मारलेल्या किकचे) 3, झाले 12. म्हणजे 16ची पिछाडी. ती किक बसली असती तर पिछाडी 15 राहिली असती आणि दोन टचडाउनपैकी एकालाच 2 गुणांचा जुगार खेळून भागलं असतं. आता दोन्ही वेळा खेळणं भाग पडलं. पहिल्यांदा जेम्स व्हाइट चेंडू घेऊन घुसला, दुसऱ्यांदा अमेंडोलाने पास झेलला. 28-28. मला विचाराल तर त्या रात्रीचे सगळ्यात मोलाचे क्षण हे दोनच. अर्धा-अर्धा भरवसा असलेली गोष्ट लागोपाठ दोनदा जमायची शक्यता चारात एक, आणि तीही वेळ संपत आलेली असताना.

शेवटचा 6 वेगळा. जादा वेळेत व्हाइटने टचडाउन केला तिथेच सामना संपला, 34-28. त्यानंतर किक मारून कुणाला काय मिळणार होतं? मारलीच नाही.