वाचकांचे प्रश्न : होमगार्डचे प्रशिक्षण आणि अधिकार

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे, पदवीधर आहे आणि एका खासगी कार्यालयात नोकरी करते. तिला होमगार्डमध्ये जायचे आहे. ही नोकरी आहे की समाजसेवा, तेथे नेमके काय शिकवतात आणि गणवेशात असताना तिला पोलिसांचे अधिकार मिळतात का, यावर आमच्या घरात रोज वाद होतो. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक पालक, जिल्हा बुलढाणा

उत्तर : होमगार्ड ही नोकरी नाही, हे घरातल्या सर्वांनी आधी मनाशी पक्के करावे. ६ डिसेंबर १९४६ रोजी, दंगलींनी पोळलेल्या तेव्हाच्या मुंबई प्रांतात पोलिसांच्या मदतीसाठी नागरिकांचे हे दल उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्याचा कायदा झाला. ‘निष्काम सेवा’ हे त्याचे ब्रीद आहे आणि सदस्यत्व आजही मानसेवीच आहे. मासिक वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही. बंदोबस्ताला बोलावतील तेवढ्या दिवसांचा कर्तव्यभत्ता मिळतो. तो महाराष्ट्रात २०२४ मध्ये दिवसाला १,०८३ रुपये करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ साली होमगार्डना कायम नोकरीचा हक्क नाकारला; मात्र त्यांचा महिन्याभराचा भत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका पडावा, असे बजावले. तीन वर्षांच्या सेवेनंतर पोलीस, वन आणि अग्निशमन विभागांच्या भरतीत ५ टक्के आरक्षण मिळते, हा लाभ खरा आहे. परंतु तेवढ्याच आशेवर जाणारी मुले लवकर कंटाळतात, असे मी पाहिले आहे.

पात्रतेबाबत अडचण दिसत नाही. वयोमर्यादा २० ते ५० वर्षे असून दहावी उत्तीर्ण असणे पुरते. महिलांसाठी उंची १५० सेंटिमीटर लागते आणि ८०० मीटर धावणे व गोळाफेक यांची चाचणी होते. कन्या खासगी नोकरीत असल्याने मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. ते केवळ कागदापुरते मागू नये. सणासुदीला आणि निवडणुकीत अचानक बोलावणे येते, याची कल्पना मालकाला आधीच द्यावी.

आता प्रशिक्षण. कवायत, लाठी, शस्त्रांची ओळख, प्रथमोपचार, अग्निशमन आणि विमोचन, म्हणजे ढिगाऱ्यातून किंवा पुरातून माणसे बाहेर काढणे, हे त्याचे मुख्य भाग आहेत. कवायतीला पुष्कळ जण नाके मुरडतात, पण तिचा उपयोग मैदानावर नव्हे, गर्दीत कळतो. विसर्जन घाटावर दोरखंड धरून उभ्या असलेल्या एका नवख्या होमगार्ड मुलीला मी जवळून पाहिले आहे. मोठा गणपती आला तशी तिची मान आपसूक वळली. शेजारच्या अनुभवी बाईंनी तिला हलकेच कोपराने खुणावले आणि म्हणाल्या, “देवाला पाठ, माणसांना तोंड.” पुढच्याच क्षणी, लोटणाऱ्या घोळक्यात खाली वाकलेली एक म्हातारी त्या मुलीला दिसली आणि तिने दोर सैल करून तिला आत ओढून घेतले. बंदोबस्त म्हणतात तो हा. मागून रेटा वाढला की पुढच्यांना ढकलून उपयोग नसतो, मागचा ओघ थांबवावा लागतो. लाठी आडवी धरायची की उचलायची, हे वरिष्ठ ठरवतात. हे अंगात मुरायला वेळ लागतो, म्हणून साप्ताहिक कवायत बुडवू नये, असा माझा आग्रह आहे.

अपुऱ्या तयारीच्या माणसाच्या हाती शस्त्र आणि अधिकार देणे किती घातक असते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. छत्तीसगडमध्ये माओवाद्यांविरुद्ध आदिवासी तरुणांना जुजबी शिक्षण देऊन विशेष पोलीस अधिकारी म्हणून उतरवले गेले. ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्या मुलांचे जीव धोक्यात घालणे हा त्यांच्यावरचाही अन्याय होता.

अधिकारांचे उत्तर सोपे आहे, पण ते अर्धवट लक्षात ठेवले जाते. रीतसर कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला कायद्याने पोलिसासारखेच अधिकार आणि संरक्षण असते आणि तो पोलीस अधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली काम करतो. ड्यूटी संपली की हे अधिकारही संपतात. मग कन्येला इतर कोणत्याही नागरिकाइतकाच अधिकार राहील : डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही असा गुन्हा, घडला, तर ती गुन्हेगाराला पकडू शकेल, पण विनाविलंब, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागेल. शेजाऱ्यांच्या भांडणात गणवेश घालून मध्यस्थी करायला मात्र तिने कधीही जाऊ नये.

प्रश्न : चौकात एका होमगार्डने माझ्या दुचाकीची चावी काढून घेतली आणि दंड मागितला. त्याला तसा अधिकार आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. वाहतूक नियमनात तो पोलिसांना मदत करतो आणि वाहन थांबवण्याचा इशारा देऊ शकतो; तो पाळावा. दंड तडजोडीने, म्हणजे प्रकरण न्यायालयात न नेता जागीच, वसूल करण्याचा अधिकार मात्र शासनाने नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांनाच आहे. तेथे हजर असलेल्या वाहतूक अधिकाऱ्याकडे जावे, चलनाशिवाय पैसे देऊ नयेत आणि दिवस, वेळ व ठिकाण लिहून जिल्हा समादेशकांकडे, म्हणजे होमगार्डच्या जिल्हा प्रमुखांकडे, लेखी तक्रार करावी.